पॅलॅडियम काढून लोखंड-निकेल टाकलं की प्रोसेस ग्रीन होते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका औषधी इंटरमीडिएटच्या (औषधाच्या वाटेवरच्या मधल्या संयुगाच्या) रूटमध्ये धातू वापरणाऱ्या तीन स्टेप आहेत. पहिली क्लोरोपिरिडीन आणि ब्युटाइल ग्रिन्यार (कार्बन-मॅग्नेशियमचा रिएजंट) जोडायची, निकेल-डीपीपीपी (निकेल आणि त्याला धरणारं फॉस्फिन) घालून. दुसरी ब्रोमो-नायट्रोचं ब्रोमो-ॲनिलीन करायची, लोखंडाची पूड आणि ॲसिड घालून. तिसरी त्याच ब्रोमाइडवर बोरॉनिक ॲसिडचं सुझुकी (दोन कार्बन तुकडे जोडणारी रिॲक्शन), अर्धा मोल टक्का (दर २०० रेणूंमागे एक अणू) पॅलॅडियमवर. कस्टमरकडून सस्टेनेबिलिटीची प्रश्नावली आली आणि वरून हुकूम निघाला की पॅलॅडियम हटवा, पृथ्वीवर मुबलक असलेला धातू आणा. तर सुझुकीसाठी लोखंड घ्यावं की निकेल?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: सुझुकीला सगळ्यात शेवटी हात लावा. आधी नायट्रो रिडक्शन बदला, मग ग्रिन्यारची स्टेप निकेलवरून लोखंडावर न्या, आणि सुझुकीत धातू तोच ठेवून त्याचं प्रमाण खाली आणा. मुबलक धातूंची केमिस्ट्री मला मनापासून आवडते, प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये इतकी वर्षं काढल्यावर जे मोजके विषय अजून रात्री उशिरापर्यंत वाचत बसावेसे वाटतात त्यातला हा एक आहे, आणि म्हणूनच तो चुकीच्या स्टेपवर वापरून लोकांनी 'हे काही चालत नाही' म्हणून सोडून द्यावा हे मला बघवत नाही.

आधी सुझुकीचा हिशोब करू. प्रॉडक्टचं मॉलिक्युलर वेट ३०० धरा आणि १०० किलोची बॅच धरा, म्हणजे साधारण ३३३ मोल. अर्धा मोल टक्का पॅलॅडियम म्हणजे १.६७ मोल, वजनात १७७ ग्रॅम. औंसाला १००० डॉलर भाव धरला तर ५,७०० डॉलरच्या आसपास. पैसे आहेतच, नाही म्हणत नाही, आणि भाव कसा नाचतो तेही आपण पाहिलंय, मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर पॅलॅडियम औंसाला ३००० डॉलरच्या वर गेलं होतं कारण जगातलं जवळपास ४० टक्के रशियातून येतं. पण हा धातू परत मिळतो, सेलाइट बेड (गाळायची पूड) आणि स्कॅव्हेंजर (धातू शोषून घेणारं साहित्य) जपून ठेवले तर रिफायनरीवाले घेतात आणि त्याचं क्रेडिट देतात.

आता तिथे निकेल टाका. निकेलवर सुझुकी साधारण ३ ते ५ मोल टक्क्यांवर चालते, ३ धरा. म्हणजे १० मोल, ५८७ ग्रॅम निकेल, धातूची किंमत जवळपास शून्य. पण धातू एकटा येत नाही, लिगँड (धातूला धरून ठेवणारा रेणू) बरोबर येतो. डीपीपीएफ (असाच एक फॉस्फिन लिगँड) एकास एक धरलं तर पॅलॅडियमला ९२४ ग्रॅम लागलं असतं, निकेलला साडेपाच किलो लागेल. तो फॉस्फिन फेरोसीनपासून टप्प्याटप्प्याने बनवलेला असतो, त्याच्या मागे सॉल्व्हंट आहे, ब्युटाइल लिथियम आहे, क्लोरोफॉस्फिन आहे. शिवाय निकेल प्रॉडक्टमधून काढायचं कसं? सगळं निकेल आत राहिलं असं समजा, तर ५,८७० पीपीएम, पॅलॅडियमचं १,७७० पीपीएम. आयसीएच क्यू३डी (औषधातल्या धातूंच्या मर्यादांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका) प्रमाणे तोंडावाटे घ्यायच्या औषधात रोजची मर्यादा पॅलॅडियमला १०० मायक्रोग्रॅम, निकेलला साधारण २००, आणि कोबाल्टला फक्त ५०. कोबाल्टची मर्यादा पॅलॅडियमच्या निम्मी आहे हे पुष्कळ जणांना माहीतच नसतं. मुबलक म्हणजे निरुपद्रवी असं आपण गृहीत धरून चालतो आणि तिथे गाडी घसरते. निकेलची क्षारं धुळीच्या रूपात श्वासातून गेली तर कॅन्सरकारक आहेत, कातडीला ॲलर्जी करतात, चार्जिंग करणाऱ्या ऑपरेटरला त्याचा त्रास होतो, तुमच्या प्रश्नावलीत तो रकाना नसला तरी. २०१६ मध्ये एगोरोव्हा आणि अनानिकोव्ह यांनी या धातूंच्या क्षारांच्या विषारीपणाची तुलना छापली होती, त्यातही 'जड आणि महाग म्हणजे विषारी, हलका आणि स्वस्त म्हणजे सुरक्षित' ही समजूत टिकत नाही हेच दिसलं. लोखंड आणि मँगनीज मात्र खरोखर वेगळे आहेत, त्यांना क्यू३डीमध्ये मर्यादाच घातलेली नाही, अंगचा विषारीपणा कमी म्हणून.

कार्बनचंही बघा. खाणीतून नवा काढलेला एक किलो पॅलॅडियम म्हणजे साधारण ३,९०० किलो कार्बन डायऑक्साइड असा अंदाज वापरतात, निकेलला तोच आकडा दहाच्या आत आहे. ऐकायला भयंकर फरक. पण तुमच्या बॅचमधल्या १७७ ग्रॅमचे होतात सुमारे ६९० किलो. त्याच बॅचमध्ये १,००० किलो टीएचएफ हा सॉल्व्हंट वापरून जाळायला पाठवलं तर नुसत्या जळण्याचेच २.४ टनांहून जास्त होतात, ते बनवायला लागलेलं वेगळंच. निकेल आणल्यामुळे जर सॉल्व्हंट दीडपट लागला किंवा एक जादा कॉलम, एक जादा क्रिस्टलायझेशन आलं, तर धातूवर जे वाचवलं ते कधीच संपलं. म्हणून तिथे पॅलॅडियम ०.५ वरून ०.०५ मोल टक्क्यावर आणायचा प्रयत्न करा, साध्या ॲरिल ब्रोमाइडवर हे बऱ्याचदा जमतं, मग १८ ग्रॅमपेक्षा कमी धातूबद्दल आपण बोलत असू. त्याच्याही खाली जायचं तर लिपशुट्झ यांच्या ग्रुपने २०१५ मध्ये सायन्समध्ये दाखवलेली वाट आहे, लोखंडाचे नॅनोकण, त्यात पीपीएम पातळीवर पॅलॅडियम, आणि सॉल्व्हंट म्हणून साबणासारखं सर्फॅक्टंट घातलेलं पाणी. तिथे लोखंड आणि पॅलॅडियम एकमेकांच्या विरोधात नाहीत, एकत्र काम करतात.

आता नायट्रो. गंमत बघा, तुमच्या रूटमधली सगळ्यात घाण स्टेप ही लोखंडाचीच आहे, आणि प्रश्नावलीत ती 'मुबलक धातू' म्हणून हिरव्या रकान्यात बसली असणार. लोखंड-ॲसिडने नायट्रोचं अमाइन करायचं हे बेशां रिडक्शन १८५४ पासूनचं आहे. समीकरण काढा: ४ मोल नायट्रोला ९ मोल लोखंड, बाहेर पडतं ३ मोल मॅग्नेटाइट. १ किलो नायट्रोबेंझिनला किमान १ किलो लोखंड आणि त्याचा किमान १.४ किलो कोरडा गाळ. हा कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात लोखंड जास्तीचं घालावं लागतं, गाळ ओला असतो, त्यात तुमचं अमाइन चिकटलेलं असतं, फिल्टर तासन्तास चालतो, आणि तो सगळा माल हॅझार्डस वेस्ट म्हणून ट्रकमध्ये भरून तळोजासारख्या ठिकाणी पाठवावा लागतो. तारापूर, लोटे, अंकलेश्वर, वापी, जिथे डाय इंटरमीडिएट बनली तिथे या काळ्या गाळाचे ढीग लोकांनी पाहिलेत. इथे लोखंड उत्प्रेरक नाहीच, ते कच्चा माल म्हणून खर्च होतंय. (हाच गाळ लाउक्सच्या पद्धतीत १९२० च्या दशकापासून लाल-पिवळं-काळं पिगमेंट म्हणून विकला जातो आणि तिथे हिशोब सुंदर जुळतो, पण ते ॲनिलीनच्या प्रचंड प्लांटला परवडतं, फार्माच्या शंभर किलोच्या बॅचला पिगमेंटचं गिऱ्हाईक कुठून मिळणार.)

तुमच्याकडे बेशां का ठेवलंय ते मला कळतं. रिंगवर ब्रोमीन आहे, साध्या पॅलॅडियम-कार्बनवर हायड्रोजन सोडला तर ब्रोमीन उडतं आणि पुढच्या सुझुकीला काही उरतच नाही. नेमकं इथेच मुबलक धातूंचे उत्प्रेरक कामाचे आहेत. बेलर यांच्या रोस्टॉकच्या ग्रुपने २०१३ मध्ये सायन्समध्ये लोखंडाचा उत्प्रेरक दिला, आयर्न-फिनँथ्रोलिन कॉम्प्लेक्स कार्बनवर चढवून उच्च तापमानाला भाजायचा, मग नायट्रोजनयुक्त ग्राफीनच्या थरांनी वेढलेले आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण तयार होतात, आणि हॅलोजन, डबल बाँड असे नाजूक ग्रुप सांभाळून नायट्रोचं अमाइन होतं. कोबाल्टवरही त्याच ग्रुपचं तसंच काम आहे. अडचण ही की यांना साधारण १२० अंश आणि ५० बारच्या आसपास हायड्रोजन लागतो, तुमच्या ऑटोक्लेव्हचं रेटिंग १० बार असेल तर आधी तिथे थांबावं लागेल. तसं असेल तर हायड्रॅझिन हायड्रेट आणि उत्प्रेरकी प्रमाणात फेरिक क्लोराइड-चारकोल ही जुनी, आपल्याकडच्या प्लांटना माहीत असलेली वाट आहे, बाहेर पडतं ते नायट्रोजन आणि पाणी. हायड्रॅझिन स्वतः विषारी आहे, हाताळणी कडक लागते, पण त्या गाळाच्या ढिगासमोर तो सौदा मी करीन. आणि अगदी सरळ सांगायचं तर सल्फाइडेड प्लॅटिनम-कार्बनही एकदा लावून बघा, ब्रोमीन बऱ्याचदा टिकतं आणि उत्प्रेरक अनेक बॅचना पुन्हा वापरता येतो. हो, प्लॅटिनम. किलोमागे काही मिलिग्रॅम प्लॅटिनम खर्च झालं आणि किलोमागे किलोभर लोखंडाचा गाळ वाचला तर मला दुसरा विचार करायची गरज वाटत नाही.

कुठलाही उत्प्रेरक घेतलात तरी एक सोडू नका: नायट्रो हायड्रोजनेशन मोलमागे ५०० किलोज्यूलच्या वर उष्णता सोडतं, आणि मध्ये हायड्रॉक्सिलअमाइन साचतं, जे तापलं तर धोकादायक. उत्प्रेरक बदलला की साचण्याचं प्रमाणही बदलतं. रिॲक्शन कॅलरीमेट्री (सुटणाऱ्या उष्णतेचं मोजमाप) आणि इन-प्रोसेस एचपीएलसी (चालू बॅचचं विश्लेषण) करूनच पुढे जा, जुन्या उत्प्रेरकाचा सेफ्टी डेटा नव्याला लावू नका.

आता ग्रिन्यारची स्टेप, माझी सगळ्यात आवडती. इथे लोखंड खरंच सरस आहे आणि ते का हे समजून घेतलं तर पुढे कुठे वापरायचं हेही आपोआप कळतं. पॅलॅडियम दोन-दोन इलेक्ट्रॉनच्या शिस्तीत चालतं, शून्य आणि अधिक दोन या ऑक्सिडेशन अवस्थांमध्ये, लिगँड घट्ट धरून ठेवतं. लोखंड, कोबाल्ट, निकेल, मँगनीज या ३डी (आवर्त सारणीतल्या पहिल्या संक्रमण) ओळीतल्या धातूंचं तसं नसतं, लिगँड सैल बसतात, इलेक्ट्रॉन बऱ्याचदा सुटे राहतात, एकेका इलेक्ट्रॉनच्या पायऱ्या आणि रॅडिकल सहज येतात. म्हणून पॅलॅडियमची रेसिपी तशीच ठेवून फक्त धातू बदलला की काळा चिखल होतो आणि लोक म्हणतात लोखंड बेकार आहे. लोखंडाला त्याच्या स्वभावाचं काम द्यायला हवं, आणि अल्काइल ग्रिन्यार प्लस ॲरिल क्लोराइड हे अगदी तसं काम आहे. कोची यांनी १९७१ मध्ये व्हिनाइल हॅलाइडवर लोखंड चालतं हे दाखवलं, काहिएझ यांनी एनएमपी हा सॉल्व्हंट घालून ते वापरण्याजोगं केलं, आणि २००२ मध्ये फ्युर्स्टनर यांनी ॲरिल क्लोराइडवर आणलं: ५ मोल टक्के फेरिक ॲसिटिलॲसिटोनेट, टीएचएफ-एनएमपी, शून्य अंश ते रूम टेंपरेचर, आणि काही मिनिटांत रिॲक्शन संपते. फॉस्फिन नाही. रिंगवरचा एस्टर तसाच राहतो कारण कपलिंग ग्रिन्यारच्या हल्ल्यापेक्षा वेगवान आहे. आणि पॅलॅडियमवाल्याला उलटं वाटेल असं म्हणजे इथे क्लोराइड उत्तम चालतं, ब्रोमाइड-आयोडाइड घेतलं तर हॅलोजन उडून नुसती रिंग मोठ्या प्रमाणात मिळते. स्वस्तातला सब्स्ट्रेट हाच चांगला सब्स्ट्रेट, असं केमिस्ट्रीत फार वेळा घडत नाही. क्लोरोपिरिडीनसारखी हेटेरोॲरिल क्लोराइडं तर यात छानच चालतात. भारतीय प्रोसेस केमिस्टनी सिनाकॅल्सेटचं मोठ्या प्रमाणावरचं संश्लेषण लोखंडी कपलिंगने करून २०१२ मध्ये छापलंय, तेव्हा हे फक्त फ्लास्कमधलं नाही. ॲरिल-ॲरिल जोडायला मात्र हे सरळसरळ चालत नाही, ग्रिन्यार स्वतःशीच जुळतो. नाकामुरा यांनी आयर्न फ्लोराइड वापरून त्यावर मार्ग काढलाय पण तो वेगळा विषय.

प्लांटमध्ये तीन गोष्टी सतावतील. पहिली एनएमपी. ते प्रजननक्षमतेला घातक म्हणून युरोपात निर्बंधाखाली आहे, लोखंड ग्रीन म्हणून आणायचं आणि बरोबर एनएमपी आणायचं याला काही अर्थ नाही. डीएमआयसारखा सायक्लिक युरिया किंवा टीएमईडीए (एक डायअमाइन) घालून बघा, बऱ्याच सब्स्ट्रेटना पुरतं. (एनएमपी नेमकं काय करतं हेही आता बऱ्यापैकी कळलंय, नाइडिग यांच्या ग्रुपने दाखवलं की ते लोखंडाला नाही तर मॅग्नेशियमला धरतं आणि त्यामुळे क्रियाशील आयर्न-अल्काइल टिकतं. म्हणूनच मॅग्नेशियमला तसंच धरणारं दुसरं काहीतरी चालायला हवं असा अंदाज बांधता येतो.) दुसरी उष्णता: रिॲक्शन मिनिटांत होते म्हणजे उष्णताही मिनिटांत सुटते, ग्रिन्यार हळू सोडा, जॅकेट जेवढं ओढून घेईल त्याच वेगाने. एका अर्थी हे चांगलंच, साचून राहत नाही, पण डोसिंगच्या सुरुवातीलाच सॅम्पल काढून रिॲक्शन सुरू झाल्याची खात्री करा. तिसरी वर्कअप. लोखंड न्यूट्रल किंवा बेसिक झालं की जेलीसारखं हायड्रॉक्साइड बसतं, थर वेगळे होत नाहीत, फिल्टर चोंदतो. पातळ एचसीएल किंवा सिट्रिक ॲसिडमध्येच क्वेंच करा म्हणजे लोखंड पाण्यात जाईल. तुमचं पिरिडीन प्रॉडक्टही ॲसिडमध्ये पाण्यात पळेल, म्हणून सिट्रेट जास्त ठेवून पीएच नंतर सावकाश वर घ्या, सिट्रेटने धरलेलं लोखंड खाली बसत नाही.

स्वस्त धातू आणणं ही काही नवी फॅशन नाही. हाबर यांनी १९०९ मध्ये अमोनिया बनवून दाखवला तो ऑस्मियमवर, जो जगात मूठभर होता. बीएएसएफमध्ये मिटाश यांनी हजारो मिश्रणं तपासून स्वीडनच्या मॅग्नेटाइटवर उत्तर शोधलं, त्यात ॲल्युमिना आणि पोटॅशियम घालून. अलिबागजवळ थळला जो अमोनिया बनतो तो आजही लोखंडावरच. आणि आजचं उदाहरण हवं तर चिरिक यांच्या ग्रुपने मर्कबरोबर २०१८ मध्ये छापलेलं लेव्हेटिरासिटॅमचं काम वाचा, जिथे वर्षानुवर्षं रोडियमची मक्तेदारी होती तिथे कोबाल्ट, ०.०८ मोल टक्के, २०० ग्रॅम स्केल, जस्ताने एक इलेक्ट्रॉन देऊन कोबाल्ट जागं करायचं आणि सॉल्व्हंट साधं मिथेनॉल. इथे मुबलक धातूचं लोडिंग खाली आलं, सॉल्व्हंट सुधारला आणि रोडियम गेलं, तिन्ही एकदम. अशा ठिकाणी मी डोळे झाकून मुबलक धातूच्या बाजूने आहे. अर्थात कोबाल्टचा मोठा हिस्सा काँगोतून येतो आणि तिथल्या खाणींमध्ये लहान मुलं राबतात हेही त्याच प्रश्नावलीत लिहायला हवं.

एक इशारा द्यायलाच हवा, कारण यात लोकांची वर्षं गेली आहेत. लोखंडाने होतंय असं वाटतं ते लोखंडानेच होतंय ना? २००९ मध्ये बुखवाल्ड आणि बोल्म यांनी मिळून लिहिलं की फेरिक क्लोराइडच्या नावावर छापलेल्या काही कपलिंग रिॲक्शन त्यातल्या पीपीएम पातळीच्या तांब्याने होत होत्या, शुद्ध क्षार घेतला की यील्ड पडतं. त्याआधी लेडबीटर यांच्या 'धातूविना सुझुकी'त शेवटी सोडियम कार्बोनेटमधलं ५० पीपीबी पॅलॅडियम सापडलं. २०२१ मध्ये तर अमाइनने होणारी सुझुकी म्हणून नेचर कॅटॅलिसिसमध्ये आलेला पेपर त्याच वर्षी मागे घ्यावा लागला, पुन्हा पॅलॅडियमच. म्हणून ट्रायल करताना नवं काचसामान, नवा स्टर बार (जुन्या टेफ्लॉनच्या ओरखड्यात पॅलॅडियम बसून राहतं), ९९.९९ टक्के शुद्ध क्षार आणि साधा प्लांट ग्रेड क्षार असे दोन्ही लावा, आणि एका ट्रायलमध्ये मुद्दाम ५० पीपीएम पॅलॅडियम, एकात तांबं, एकात निकेल घाला. बेस आणि मॅग्नेशियम टर्निंगचंही आयसीपी-एमएस (धातूंचे सूक्ष्म अंश मोजणारी चाचणी) करून घ्या, तुमच्या बाबतीत तर जास्तच, कारण त्याच रिॲक्टरमध्ये आधी निकेल चाललंय. ही शंका आताच फेडली नाही तर उद्या सप्लायर बदलला की बॅच अडकेल आणि का अडकली ते कुणालाच कळणार नाही.

आणि एवढं सगळं करून झाल्यावर सुझुकीत निकेल बघायचंच असेल तर बघा, नाही कशाला म्हणू. पण ते ब्रोमाइडवर बघू नका. निकेलचं बळ तिथे आहे जिथे पॅलॅडियम अडखळतं, स्वस्त क्लोराइड, किंवा फिनॉलपासून केलेले कार्बामेट, पिव्हॅलेट, सल्फामेट. तुमच्या ब्रोमो-नायट्रोऐवजी क्लोरो-नायट्रोपासून रूट सुरू करता आला तर कच्च्या मालाची किंमत उतरेल, नायट्रो रिडक्शनमध्ये हॅलोजन उडायची भीती कमी होईल, आणि मग निकेलला त्या रूटमध्ये खरं कारण मिळेल. निकेल-सायक्लोऑक्टाडायीन हवेत टिकत नाही, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे लागू नका. निकेल क्लोराइड-ट्रायसायक्लोहेक्सिलफॉस्फिनसारखं हवेत ठेवता येणारं कॉम्प्लेक्स घ्या, पोटॅशियम फॉस्फेट, टर्ट-अमाइल अल्कोहोल किंवा २-मिथाइल टीएचएफ, हे गार्ग यांच्या ग्रुपने २०१३ मध्ये मांडलेलं आहे आणि सॉल्व्हंटच्या दृष्टीने चांगलं आहे. पाण्याचं प्रमाण ठरवून ठेवा, निकेल त्याबाबतीत पॅलॅडियमपेक्षा हळवं असतं. रिॲक्शननंतर थोडी हवा सोडून सगळं निकेल अधिक दोन या अवस्थेत आणा, मग अमोनिया किंवा ईडीटीएच्या वॉशने काढा, आणि तुमचं ॲनिलीन त्याला धरून ठेवत नाही ना हे पहिल्याच ५० ग्रॅमवर आयसीपीने तपासा. वॉशचं पाणी थेट ईटीपीला (सांडपाणी प्रक्रिया प्लांटला) सोडू नका, ईडीटीएने धरलेलं निकेल चुन्याने खाली बसत नाही, ते वेगळ्या ड्रममध्ये जमा करायची सोय ट्रायलच्या आधीच ईएचएसवाल्यांशी (पर्यावरण-सुरक्षा विभागाशी) बोलून ठेवा.